येळवस: जिल्ह्याची हद्द बदलली, सण बदलला नाही

१/ मार्गशीर्ष अमावास्येला लातूरची बाजारपेठ ओस पडते. जिल्हाधिकारी या दिवसाची स्थानिक सुट्टी जाहीर करतात आणि अवघे शहर शिवाराकडे निघते. हा सण म्हणजे वेळ अमावास्या, बोलीभाषेत येळवस.

२/ शेतात ज्वारीच्या कडब्याची कोप उभारली जाते. आत चुन्याने रंगविलेले पाच दगड पांडव म्हणून पूजले जातात. भज्जी, आंबील, उंडे, खीर असा नैवेद्य असतो. मग पिकावर आंबील शिंपडत हाळी दिली जाते. त्या दिवशी बांधावर येणारा अनोळखी माणूसही जेवल्याशिवाय परत जात नाही.

३/ नावातच इतिहास दडला आहे. कर्नाटकात याच तिथीला ‘एळ्ळु अमावास्या’ म्हणतात. कानडीत ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ, तर ‘एळु’ म्हणजे सात. ज्येष्ठापासून मोजल्यास ही सातवी अमावास्या. व्युत्पत्ती कोणतीही मानली, तरी वाट कानडीकडेच जाते. ‘वेळ’ हे त्या शब्दाचे मराठी वळण.

४/ हा शब्द येथे आला कसा? उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. भालकी आणि औराद हे त्यांचे सख्खे शेजारी. मराठी व कानडी शेतकऱ्यांचे बाजार, सोयरिकी आणि सण एकमेकांत मिसळलेले होते.

५/ १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले. हे तीन तालुके मुंबई राज्यात आले. भालकी, औराद म्हैसूर राज्यात गेले. १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. प्रशासनाची रेषा दोनदा बदलली. सणाची तिथी मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना आजही एकच आहे.

६/ नांदेड जिल्ह्यातही हाच काळ उत्सवाचा. लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबा यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला, म्हणजे येळवसेच्या आदल्या दिवशी सुरू होते. घोडे, गाढवे, उंट यांचा तेथील बाजार प्रसिद्ध आहे. एकाच अमावास्येभोवती एका जिल्ह्यात शेत जागते, दुसऱ्यात यात्रा.

७/ आता ब्रिटनकडे पाहू. ५ नोव्हेंबर १६०५ रोजी संसद उडवून देण्याचा कट उघड झाला. १६०६ मध्ये संसदेने या दिवशी ईश्वराचे आभार मानणे कायद्याने बंधनकारक केले. १८५९ मध्ये तो कायदा रद्द झाला. तरीही शरद ऋतूतील त्या रात्री होळ्या पेटतच राहिल्या.

८/ तेथे सणाला कायद्याचा आधार मिळाला आणि कायदा संपल्यावरही तो टिकला. येथे सण आधीपासून होता; सुट्टीचा आदेश त्याच्या मागून आला. दोन्हीकडे निष्कर्ष एकच: सणाचे आयुष्य शासनाच्या कागदावर ठरत नाही.

९/ मग ते कशावर ठरते? येळवसेपुरते उत्तर आहे: पिकावर. कोप कडब्याची, आंबील ज्वारीची, भज्जी शिवारातल्या शेंगांची आणि पालेभाज्यांची. आज लातूरच्या शिवारावर सोयाबीनचे राज्य आहे. ज्याच्या रानात ज्वारी नाही, त्याला कोपीसाठी कडबा दुसऱ्याकडून आणावा लागतो.

१०/ राज्ये बदलली तेव्हा येळवस टिकली, कारण बांधावरची ज्वारी तीच होती. या सणाची खरी परीक्षा १९५६ मध्ये झालीच नव्हती. ती आता सुरू झाली आहे.