‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ : खरेदीदाराच्या तक्रारहक्काची वाटचाल

महाराष्ट्रातील पेठांमध्ये कापडाच्या दुकानापासून विजेच्या उपकरणांच्या दुकानापर्यंत ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी अनेक पिढ्यांच्या परिचयाची आहे. बिलाच्या तळाशीही तीच ओळ छापलेली असे. लक्षणीय बाब अशी की, त्याच बिलावर ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ असेही लिहिलेले आढळते. म्हणजे हिशेबातील चूक दुरुस्त करण्यास व्यापारी तयार होता. मालातील दोष मात्र गिऱ्हाइकाच्या नशिबाचा भाग मानला जात होता. या पाटीला कायद्याचा आधार कोठून मिळाला आणि तो कसा काढून घेतला गेला, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

ही पाटी भारतीय परंपरेतून आली, असे समजण्याचे कारण नाही. प्राचीन व्यवहारशास्त्रात ‘क्रयविक्रयानुशय’ हे स्वतंत्र विवादपद होते. खरेदी किंवा विक्री केल्यानंतर पश्चात्ताप झाल्यास व्यवहार मोडण्याची मुभा त्यात होती. मनुस्मृतीने त्यासाठी 10 दिवसांची मुदत दिली. कौटिल्याने व्यापाऱ्यांना एक रात्र, शेतकऱ्यांना तीन आणि गोपालकांना पाच रात्री दिल्या. याज्ञवल्क्यस्मृती त्याहून व्यवहारी आहे. तिने परीक्षणाचा काळ वस्तूच्या स्वरूपावरून ठरवला : लोखंडाला 1 दिवस, दुभत्या जनावराला 3, ओझ्याच्या जनावराला 5, रत्नांना 7 आणि बियाण्याला 10 दिवस. दोष उघड होण्यास जेवढा काळ लागतो तेवढा काळ खरेदीदाराला मिळावा, हे तत्त्व त्यामागे स्पष्ट दिसते. अर्थात त्याच यादीत दास-दासींच्या परीक्षणाचीही मुदत आहे. त्यामुळे या ग्रंथांना आजच्या ग्राहकहक्कांचे उगमस्थान म्हणण्याची जी प्रथा परिसंवादांतून रूढ झाली आहे, ती सावधपणेच स्वीकारावी लागते. मराठेशाहीत पेठेतील व्यवहारांवर शेट्ये-महाजनांची देखरेख असे आणि पेशवेकालीन पुण्यात वजनमापांची तपासणी कोतवालाकडे होती. ही व्यवस्था बाजाराची शिस्त राखण्यासाठी होती; खरेदीदाराचा वैयक्तिक हक्क तिला अभिप्रेत नव्हता.

इंग्रजी अमलात मालविक्रीचे नियम प्रथम 1872 च्या करार अधिनियमात आले आणि 1930 मध्ये मालविक्रीचा स्वतंत्र अधिनियम झाला. ‘खरेदीदाराने स्वतः सावध राहावे’ हे इंग्लिश तत्त्व त्याच्या कलम 16 मध्ये आधारभूत मानले आहे. त्याला अपवाद आहेत. खरेदीदाराने आपला हेतू सांगून विक्रेत्याच्या कौशल्यावर विसंबून माल घेतला असेल, तर तो माल त्या हेतूस योग्य असला पाहिजे. वर्णनावरून विकलेला माल विक्रीयोग्य दर्जाचा असला पाहिजे. परंतु मालाची पाहणी केली असल्यास, पाहणीत जो दोष दिसायला हवा होता त्याबद्दल तक्रार करता येत नव्हती. शिवाय दोन कलमांनी अपवादांची धार बोथट केली. कलम 13 नुसार माल एकदा स्वीकारला की सामान्यतः तो नाकारता येत नसे. केवळ नुकसानभरपाई मागता येई. कलम 62 ने तर गर्भित जबाबदाऱ्या उभयपक्षी कराराने किंवा व्यापारी प्रथेने दूर ठेवण्याची मोकळीक दिली. दुकानातील पाटीचे बळ या मोकळिकीत होते. पाटी वाचून माल घेतला म्हणजे अट मान्य केली, असे म्हणणे विक्रेत्याला सोपे झाले. उरलेला मार्ग दिवाणी दाव्याचा. शिवण उसवलेल्या सदऱ्यासाठी मुद्रांकशुल्क आणि वकिलाची फी भरून वर्षानुवर्षे तारखा घेणारा माणूस विरळाच.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या तीन दशकांत हे चित्र फारसे बदलले नाही. अन्नभेसळ प्रतिबंधक अधिनियम 1954 मध्ये आणि जीवनावश्यक वस्तू अधिनियम 1955 मध्ये आला. भेसळ करणाऱ्याला त्यातून शिक्षा होऊ शकत होती. भेसळीचे तेल खाल्लेल्याच्या हाती मात्र काही पडत नव्हते. मूळ अडचण टंचाईची होती. स्कूटर आणि दूरध्वनीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहणारा माणूस वस्तू सदोष निघाली म्हणून ती परत करील कशी? मुंबईत 1966 मध्ये कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था प्रामुख्याने महिलांच्या पुढाकाराने स्थापन झाली. 1972 च्या दुष्काळानंतर मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर प्रभृतींच्या नेतृत्वाखाली महागाईविरोधात लाटणे मोर्चे निघाले. त्यांची मागणी रास्त भावात धान्य, तेल आणि रॉकेल मिळावे ही होती. दर्जाचा प्रश्न त्यानंतरचा. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यातून सुरू केलेल्या ग्राहक पंचायतीच्या चळवळीने आणि 1975 मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने या दोन प्रश्नांची सांगड घातली. मुंबईच्या पंचायतीने सभासद कुटुंबांचे गट करून एकत्रित खरेदीची आणि मासिक वाटपाची पद्धत बसवली. तक्रार करण्याऐवजी खरेदीच स्वतःच्या हाती घेण्याचा हा मार्ग होता. त्याची दखल कायद्याच्या इतिहासात कमी घेतली जाते.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने एप्रिल 1985 मध्ये ग्राहक संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे संमत केली आणि डिसेंबर 1986 मध्ये भारतात ग्राहक संरक्षण अधिनियम झाला. जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय अशी त्रिस्तरीय यंत्रणा त्याने निर्माण केली. मंचावर एक महिला सदस्य असणे आवश्यक ठरले. तक्रारदाराला वकिलाविना बाजू मांडता येऊ लागली. दोष काढून देणे, वस्तू बदलून देणे, किंमत परत करणे आणि भरपाई देणे असे आदेश मंच देऊ शकत होता. जो हक्क 1930 च्या कायद्याने माल स्वीकारताच संपवला होता, तो येथे परत मिळाला. मात्र कायदा झाला तरी मंच झाले नव्हते. ते स्थापन व्हावेत यासाठी कॉमन कॉज या संस्थेला 1988 मध्ये सर्वोच्च न्यायालयात जावे लागले.

या कायद्यापुढील खरा प्रश्न होता : ग्राहक कोणाला म्हणावे? व्यापारी हेतूने वस्तू घेणारा ग्राहक नव्हे, असे अधिनियमात म्हटले होते. एका लघुउद्योजकाने 1990 च्या सुमारास संगणकनियंत्रित लेथसदृश यंत्र मागवले. ते सहा महिने उशिरा आले आणि सदोष निघाले, अशी त्याची तक्रार होती. राज्य आयोगाने त्याच्या बाजूने निर्णय दिला. राष्ट्रीय आयोगाने तो ग्राहकच नसल्याचे ठरवून निर्णय फिरवला. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये महत्त्वाचा भेद केला. स्वयंरोजगाराने केवळ उपजीविका करण्यासाठी घेतलेले यंत्र व्यापारी हेतूचे नव्हे. स्वतः रिक्षा चालवणारा ग्राहक आहे. तत्त्व असे विस्तारले, पण हा तक्रारदार यंत्राची किंमत आणि व्याप पाहता त्यात बसला नाही. त्याला दिवाणी न्यायालयाचा रस्ता दाखवण्यात आला.

दुसरा प्रश्न पुराव्याचा होता. दोष चाचणीविना कळत नसेल, तर नमुना मोहोरबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवावा आणि चाचणीचा खर्च तक्रारदाराने भरावा, अशी तरतूद होती. पंखा किंवा दूरचित्रवाणी संचाच्या बाबतीत हे ठीक होते. बियाण्याचे काय? शेतकरी आणलेली पिशवी पुरती पेरतो. मूठभर बी चाचणीसाठी बाजूला ठेवावे हे त्याला सुचणार नाही. सुचले तरी परवडणार नाही. बियाणे कंपन्यांचा बचाव नेमका येथेच असे : नमुना नाही, अहवाल नाही, म्हणून दोष सिद्ध नाही. राष्ट्रीय बीज निगमाच्या आंध्र प्रदेशातील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2012 मध्ये हा बचाव नाकारला. बियाणे घेणारा शेतकरी ग्राहक आहे, बियाणे अधिनियमामुळे त्याचा मंचाकडे जाण्याचा मार्ग बंद होत नाही आणि त्याने नमुना राखून ठेवण्याची अपेक्षा धरता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. शेताची प्रत्यक्ष पाहणी करून केलेला अहवाल ग्राह्य धरला गेला. 2020 च्या खरिपात मराठवाडा आणि विदर्भातून सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी मोठ्या संख्येने आल्या, तेव्हा या निर्णयाचे मोल येथील शेतकऱ्यालाही कळले असेल. याज्ञवल्क्याने बियाण्यालाच दीर्घ मुदत का दिली असावी, हेही अशा वेळी ध्यानात येते.

सेवांच्या क्षेत्रातील विस्तार अधिक गाजला. लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात 1993 मध्ये घरबांधणी ही सेवा ठरली आणि नाहक त्रास देणाऱ्या अधिकाऱ्याकडून भरपाई वसूल करण्याचा मार्ग खुला झाला. 1995 मध्ये मोबदला घेऊन केलेले वैद्यकीय उपचार कायद्याच्या कक्षेत आले. सर्वच रुग्णांवर विनामूल्य उपचार करणारी रुग्णालये बाहेर राहिली.

पाटीकडे शासनाचे लक्ष तुलनेने उशिरा गेले. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 1999 मध्ये राज्यांना पत्र पाठवून बिलावर अशी ओळ छापणे ही अनुचित व्यापारी प्रथा असल्याचे कळवले. पत्राने पाट्या उतरल्या नाहीत. 20 जुलै 2020 पासून लागू होऊ लागलेल्या 2019 च्या अधिनियमात मात्र ही बाब थेट व्याख्येत आली. सदोष माल बिलात नमूद केलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत नसल्यास 30 दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरली. बिल न देणे हीदेखील. दोष नसताना केवळ मन बदलले म्हणून वस्तू परत करण्याचा हक्क यात नाही, हे अनेकदा विसरले जाते.

तक्रारीचा निकाल शक्यतो 3 महिन्यांत आणि चाचणी लागल्यास 5 महिन्यांत द्यावा, असे दोन्ही अधिनियम सांगतात. आयोगांतील पदेच रिक्त असतील तर हे वेळापत्रक कागदावरच राहते. रिक्त पदांची दखल सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये स्वतःहून घेतली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सदस्यनिवडीच्या 2020 च्या नियमांतील काही तरतुदी रद्द केल्या. निवड समितीने आपली कार्यपद्धती आपणच ठरवावी ही मुभा आणि 20 व 15 वर्षांच्या अनुभवाची अट त्यांत होती. सर्वोच्च न्यायालयाने 3 मार्च 2023 रोजी हा निर्णय कायम केला, अनुभवाची अट 10 वर्षांवर आणली आणि सदस्यांची निवड लेखी परीक्षा घेऊन करण्यास सांगितले.