विरळ हवा आणि दमसास : एका समजुतीचा इतिहास

मुंबईतील शिवडीपासून पनवेलजवळील न्हावा शेवा परिसरापर्यंत जाणाऱ्या २१.८ किलोमीटर लांबीच्या अटल सेतूचे उद्घाटन १२ जानेवारी २०२४ रोजी झाले आणि पुढच्याच महिन्यात, १८ फेब्रुवारी रोजी, त्याच सेतूवर मॅरेथॉनची शर्यत भरली. या धावपटूंच्या पायांखाली समुद्र होता, आणि जेथून सर्व उंची मोजली जाते त्या पातळीची, म्हणजे सुमारे ७६० मिलिमीटर पारा इतक्या भाराची, दाट हवा त्यांच्या फुप्फुसांत शिरत होती. दमसासाच्या चर्चेत मात्र अशा सखल किनाऱ्याचे नाव क्वचितच निघते. केनिया आणि इथिओपिया येथील धावपटूंच्या यशामुळे दमसास ही पहाडाची देणगी होय, अशी समजूत रूढ झाली आहे. ही समजूत कशी घडली आणि ती कोठवर टिकते, हे उंचीविषयीच्या ज्ञानाचा इतिहास क्रमाने पाहिल्यास स्पष्ट होते.

या इतिहासाचा आरंभ सामर्थ्याच्या शोधापासून नव्हे, तर व्याधीच्या अनुभवापासून होतो. स्पॅनिश धर्मोपदेशक होसे दे आकोस्ता याने १५९० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पेरू देशातील पारियाकाका पर्वत ओलांडताना जडलेल्या वांत्या व ग्लानी यांचे वर्णन केले आणि तेथील हवा मानवी श्वसनास न मानवण्याइतकी विरळ असावी, असे अनुमान बांधले. या अनुमानास प्रयोगाचा आधार मिळण्यास जवळजवळ तीन शतके लागली. १८७५ साली ‘झेनिथ’ नावाच्या फुग्यातून आठ हजार मीटरांहून अधिक उंची गाठणाऱ्या तिघा फ्रेंच वैमानिकांपैकी दोघे, सोबत प्राणवायू असूनही, त्याचा पुरेसा उपयोग करण्यापूर्वीच शुद्ध हरपून मरण पावले. १८७८ साली पॉल बेर याने आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, उंचावर हवेतील प्राणवायूचे प्रमाण बदलत नाही, ते सुमारे एकवीस टक्केच राहते. घटतो तो त्याचा भार. सुमारे ५,५०० मीटरांवर हा भार समुद्रकाठच्या निम्म्यावर येतो. व्याधीचे मूळ तेथे आहे.

मग पहाडी लोक तेथे पिढ्यानुपिढ्या कसे जगतात? या प्रश्नाच्या शोधात फ्रान्सवा व्हियो हा १८८९ साली पेरूतील मोरोकोचा या सुमारे ४,५०० मीटर उंचीवरील खाणगावी गेला. तेथील रहिवाशांच्याच नव्हे, तर स्वतःच्याही रक्तातील तांबड्या पेशींची संख्या वाढलेली त्यास आढळली. पुढे या वाढीचे दोन भाग वेगळे करता आले. पहिल्या काही दिवसांत रक्तातील द्रवांश घटतो व त्यामुळे पेशी दाट दिसतात. खरी पेशीवृद्धी त्यानंतर, मूत्रपिंडातून स्रवणाऱ्या एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकाच्या प्रेरणेने, काही आठवड्यांत घडते. प्राणवायूची उणीव पेशींना कशी जाणवते, याचा उलगडा करणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले. मात्र हे अनुकूलन विनामूल्य नसते. रक्त फार दाट झाल्यास हृदयावरील ताण वाढतो, झोप मोडते, भूक मंदावते आणि स्नायूंचे वजनही घटू लागते.

अनुकूलनास वेळ लागतो, या साध्या सत्याची फार मोठी किंमत भारताने मोजली आहे. १९६२ च्या चीन युद्धाच्या प्रसंगी मैदानी प्रदेशातील सैनिकांना अल्पावधीत हिमालयाच्या उंचीवर न्यावे लागले. त्यांच्यापैकी अनेकांना उंचीची व्याधी जडली आणि काहींच्या फुप्फुसांत पाणी साचले. इंदर सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेला १,९२५ सैनिकांचा अभ्यास हा या विषयातील मूलभूत दस्तऐवज मानला जातो. धडधाकट तरुण शरीरही घाईने वर चढल्यास कोसळते, हा त्यातील बोध होता. टप्प्याटप्प्याने, मध्ये मुक्काम करीत वर जाण्याची शिस्त सैन्यात रूढ झाली, ती अशाच अनुभवातून.

क्रीडाजगताला हा प्रश्न त्याच दशकात भेटला. १९६८ च्या ऑलिंपिक स्पर्धा २,२४० मीटर उंचीवरील मेक्सिको शहरी झाल्या. विरळ हवेचा अडथळा कमी असल्याने अल्पकाळाच्या उड्या व धावा तेथे लाभात राहिल्या; बॉब बीमनची ८.९० मीटरांची लांब उडी १९९१ पर्यंत अजिंक्य राहिली. दीर्घ पल्ल्याचे चित्र उलटे होते. १९६४ साली तोक्यो येथे दहा हजार मीटरांची शर्यत २८ मिनिटे २४.४ सेकंदांत जिंकली गेली होती. मेक्सिकोत केनियाच्या नफ्ताली तेमूला त्याच अंतरासाठी २९ मिनिटे २७.४ सेकंद लागले. शर्यतीची वेळ डावपेचांवरही अवलंबून असते, हे मान्य करूनही हा फरक बोलका आहे. पंधराशे मीटर, अडथळ्यांची शर्यत, दहा हजार मीटर व मॅरेथॉन या चारही शर्यती केनिया व इथिओपियाच्या धावपटूंनी जिंकल्या. आणि पहाड म्हणजे दमसास, ही समजूत येथून जगभर पसरली.

परंतु या स्पर्धांनीच त्या समजुतीतील उणीवही उघड केली होती. उंचावर पहाडी मनुष्यही सखल भागातल्यापेक्षा हळूच धावतो. आणि जो रोज हळू धावतो, त्याच्या स्नायूंना वेगाची सवय राहत नाही. या पेचावर लेव्हाइन व स्ट्रे-गंडरसन यांनी १९९७ साली उत्तर दिले. ३९ धावपटूंचे तीन गट पाडून त्यांनी दाखविले की, २,५०० मीटरांवर राहून १,२५० मीटरांवर उतरून सराव करणाऱ्या गटाचीच पाच हजार मीटरांची वेळ सुधारली. उंचावरच राहून तेथेच सराव करणाऱ्यांचेही रक्त सुधारले होते. वेळ मात्र सुधारली नाही. निवास उंचावर आणि श्रम सखल भागात, असे हे सूत्र होय.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या सूत्राला विशेष अर्थ आहे. येथील सर्वोच्च शिखर कळसूबाई अवघे १,६४६ मीटर आहे. दोन हजार मीटरांची उंची राज्यात कोठेही नाही. तरीही या भूमीतून धावपटू निघाले. बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्प येथील ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले, तेव्हा अशा सरावाची कल्पनाही रूढ नव्हती. सातारा जिल्ह्यातील मोही गावच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ येथे अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या. बीड जिल्ह्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे हे महार रेजिमेंटचे सैनिक म्हणून सियाचीन येथे राहिले होते. त्यांनी २०२२ साली बर्मिंगहॅम येथे ८ मिनिटे ११.२० सेकंदांची वेळ देऊन राष्ट्रकुल रौप्यपदक मिळविले. सियाचीनने त्यांना धावपटू केले, असे म्हणण्याचा मोह आवरला पाहिजे. तो मुक्काम सैनिकी कर्तव्याचा होता, आणि उंचीवर वाढलेल्या रक्तपेशी खाली आल्यावर काही आठवड्यांतच ओसरतात. त्यांच्या पुढील यशामागे उटी व कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथील योजनाबद्ध सराव होता.

सैनिकाला जी उंची घातक ठरली, तीच धावपटूला उपकारक ठरली. क्रिया एकच, भेद पडला तो दिलेल्या अवधीचा आणि निवास व श्रम यांच्या विभागणीचा. या दृष्टीने पाहता न्हावा शेव्याचा सखल किनारा दमसासाच्या कथेबाहेरचा ठरत नाही. तेथील उष्मा व दमटपणा धावपटूची कसोटी पाहतो, हे खरे. पण पूर्ण वेगाने धावण्यास लागणारा प्राणवायू तेथील हवेतच भरपूर मिळतो. पहाड रक्त घडवितो, वेग मात्र सपाटीवरच घडतो. यांपैकी एकालाच सर्व श्रेय देणारी समजूत इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही.