चुलीमागची भिंत

घराचा इतिहास सांगावयाचा म्हटले की आपण वाडा, दिंडी, देवडी आणि माजघर यांच्याबद्दल बोलतो. स्वयंपाकघराकडे आपली नजर फारशी वळत नाही, आणि वळली तरी चुलीमागच्या भिंतीकडे कोण पाहणार? पण आज गावात एखाद्या घरी नवा ओटा बांधावयास काढला, म्हणजे याच भिंतीवरून चर्चा सुरू होते. टाइल लावायची की नुसता रंग द्यायचा? पांढरी बरी की नक्षीची? दुकानदार वीस नमुने पुढे मांडतो आणि घरधनी गोंधळून जातो. या प्रश्नाचे उत्तर दुकानापेक्षा इतिहासात अधिक सापडते असे मी म्हटले, तर तुम्हाला कदाचित हसू येईल. तरीही थोडा वेळ माझ्याबरोबर या.

'घरोघरी मातीच्या चुली' ही म्हण आपण वेगळ्या अर्थाने वापरतो, पण तिचा सरळ अर्थही कित्येक शतके खरा होता. जमिनीवर मातीची चूल, शेजारी वैल आणि मागे मातीचीच भिंत. या भिंतीची निगा म्हणजे रोजचे काम होते. सकाळी राख काढायची, पोतेरे घ्यायचे, चूल सारवायची आणि जमेल तितकी भिंतही सारवायची. सणासुदीला पांढऱ्या मातीचा नाहीतर चुन्याचा हात द्यायचा. आठ दिवसांत ती भिंत पुन्हा काळी. माती सच्छिद्र असते, ती धूर शोषते आणि तेलही शोषते. अशी भिंत पुसून स्वच्छ होत नाही, तिच्यावर नवा थरच द्यावा लागतो. ज्या बाईने चाळीस वर्षे संसार केला, तिने चाळीस वर्षे हे थर दिले. त्या श्रमाची नोंद कोणत्याही बखरीत नाही.

आता, ज्या भिंतीवर काही मुरत नाही अशी भिंत करण्याची विद्या माणसाला ठाऊकच नव्हती काय? तर ती फार जुनी आहे. मातीच्या विटेवर काचेसारखा झिलईचा थर चढवून ती भाजायची, ही ती विद्या. बाबिलोन शहराची निळी इश्तार वेस अशा विटांची होती, आणि ती ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकातली. पुढे इराणातले काशान हे गाव या कामात इतके नावाजले की फारसीत झिलईच्या लादीला 'काशी' हेच नाव पडले. आपल्या काशीक्षेत्राशी त्याचा संबंध नाही. ही कला दख्खनमध्येही आली. बिदरला महमूद गवानाने १४७२ साली बांधलेला मदरसा आजही उभा आहे. १६९६ साली तिथे दारूगोळ्याचा स्फोट होऊन त्याचा मोठा भाग ढासळला, तरी उरलेल्या दर्शनी भिंतीवर आणि मनोऱ्यावर रंगीत लाद्यांचे अवशेष दिसतात. शिक्षकमंडळींनी सहल नेली तर मुलांना ते जरूर दाखवावेत.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. या लाद्या वेशीवर, मशिदीवर, मदरशावर आणि महालावर लागल्या. बिदरपासून पाच कोसांवरच्या खेड्यातली चुलीमागची भिंत मात्र काळीच राहिली. लादी ही राजाच्या वैभवाची वस्तू होती. स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या सोयीसाठी ती वापरावी, हा विचार तिथवर पोचला नव्हता.

तो विचार हॉलंडमध्ये रुजलेला दिसतो. १६०२ साली डचांची ईस्ट इंडिया कंपनी निघाली. आपल्या वेंगुर्ल्याला सतराव्या शतकात ज्यांची वखार होती, ते हेच डच. त्यांच्या जहाजांतून चीनची निळी-पांढरी भांडी युरोपात गेली आणि लोकांना त्या रंगांचे वेड लागले. डेल्फ्ट आणि आसपासच्या गावांतले कुंभार मातीवर कथलाची पांढरी झिलई देऊन त्या भांड्यांची नक्कल करू लागले. त्याच पद्धतीने त्यांनी सुमारे पाच इंच चौरस लाद्या केल्या. कोणावर जहाज, कोणावर मेंढपाळ, तर कोणावर खेळणारी मुले. या लाद्या व्यापारी गृहस्थांच्या घरी भिंतीच्या पायथ्याशी, जिथे ओल चढते आणि झाडू लागतो तिथे, तसेच शेगडीच्या भोवती बसवल्या गेल्या. दिसायला सुंदर आणि ओल्या फडक्याने पुसल्या की साफ. शोभा आणि सोय यांची गाठ इथे पडली.

मात्र त्या डच घरात लादीच्या आधी दुसरी एक वस्तू होती. ती म्हणजे धुराडे. विस्तवावर रुंद धुराडे होते आणि धूर छपरावाटे बाहेर जात होता. म्हणून तर पांढरी लादी पांढरी राहू शकली. हा मुद्दा आपण पुढे पुन्हा घेऊ.

लादी स्वस्त झाली ती इंग्लंडमध्ये. १८४० साली रिचर्ड प्रॉसर याने एक पेटंट घेतले. ओल्या मातीऐवजी जवळजवळ कोरडी, बारीक दळलेली माती साच्यात घालून जोराने दाबायची, म्हणजे वस्तू लवकर सुकते आणि वाकडीही होत नाही. हर्बर्ट मिंटन या कारखानदाराने ही युक्ती लाद्यांसाठी उचलली आणि लाद्या ढिगांनी निघू लागल्या. पाठोपाठ पाश्चर आणि कॉक यांच्या संशोधनाने रोगजंतूंचे ज्ञान झाले. कॉकने क्षयाचा जंतू १८८२ साली जगापुढे मांडला. मग मळ लपवणारी भिंत वाईट आणि मळ दाखवणारी भिंत चांगली, असा नवा विचार आला. इस्पितळे, दूधडेऱ्या, खाटकाची दुकाने यांना पांढऱ्या लाद्या लागल्या. आपल्याकडे १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा सरकारी माणसे घरोघरी चुना फासत फिरली, त्यामागेही हाच विचार होता. चुना हा गरिबाचा जंतुनाशक.

यानंतरचा टप्पा १९२६ सालचा आणि तो एका बाईच्या नावावर आहे. मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की या वास्तुविशारद बाईंनी जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरात कामगारांच्या नव्या घरांसाठी स्वयंपाकघर आखून दिले. लांबी सुमारे साडेतीन मीटर आणि रुंदी जेमतेम दोन मीटर. बाईची किती पावले वाया जातात हे मोजून शेगडी, मोरी आणि कपाटे यांच्या जागा ठरवलेल्या. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे तिथे बांधली गेली. राजवाड्यासाठी नव्हे, तर कामगाराच्या बायकोसाठी वास्तुविशारदाने डोके चालवले, हे मला त्यातले विशेष वाटते.

आता आपल्या घरी परत येऊ. आपल्याकडे विस्तव जमिनीवर होता आणि बाई बसून स्वयंपाक करी. स्वीडनमध्ये १८९२च्या सुमारास निघालेला प्रायमस स्टोव्ह इकडे आला आणि मागाहून गॅस आला. बर्मा-शेल कंपनीने मुंबईत १९५५ साली गॅसचे सिलिंडर घरगुती वापरासाठी आणले. विस्तव जमिनीवरून ओट्यावर चढला आणि बाई उभी राहिली. भिंतीच्या दृष्टीने पाहा, केवढा बदल झाला! काजळी गेली, पण फोडणीचे उडते तेल, हळदीचा डाग आणि नळाचे शिंतोडे आता छातीच्या उंचीवर येऊ लागले. भिंतीचा शत्रू बदलला. म्हणून तर ओट्यामागे लादी लावण्याची गरज भासू लागली. पुढे गुजरातेतल्या मोरबीसारख्या ठिकाणी या धंद्याचा मोठा विस्तार झाला आणि टाइल तालुक्याच्या दुकानात येऊन पडली.

इथेच आपल्या इतिहासातली उणीव दिसते. हॉलंडात धुराडे आधी आणि लादी नंतर. आपल्याकडे कित्येक घरांत लादी आली, पण धुराला वाट मिळालीच नाही. प्रयत्न झाले नाहीत असे नव्हे. वर्ध्याच्या मगनवाडीतून धूर नळीने बाहेर सोडणारी 'मगन चूल' निघाली. हैदराबादचे अभियंते एस. पी. राजू यांनी बिनधुराच्या स्वयंपाकघरावर १९५३ साली पुस्तक लिहिले. १९८३ साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला, आणि १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली. तरीही गॅसच्या शेजारी चूल पेटणारी घरे आजही पुष्कळ आहेत. भाकरी चुलीवरचीच गोड लागते हे खरे; पण सिलिंडर महाग पडतो हे त्याहून खरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. जी काजळी भिंतीवर बसते, तीच फुंकणी घेऊन बसलेल्या बाईच्या छातीत जाते. भिंत सारवता येते, छाती सारवता येत नाही.

म्हणून नवी भिंत करणाऱ्याने पहिला प्रश्न रंगाचा विचारू नये. धूर आणि वाफ कोठून बाहेर जाणार, हे आधी विचारावे. चूल असेल तर धुराची नळी छपराबाहेर काढा. गॅस असेल तर खिडकी, झरोका किंवा हवा बाहेर फेकणारा पंखा हवाच. एवढे झाले म्हणजे मग टाइलच्या दुकानात जा.

दुकानात गेल्यावर तीन गोष्टी पाहा: ताप, तेल आणि आंबट. ज्वाळेजवळ प्लॅस्टिकचा किंवा चिकटवायचा कागद लावू नका; तो तापाने सुटतो आणि पेटही घेतो. संगमरवर आणि कडप्पा हे चुनखडीच्या जातीचे दगड. लिंबू, चिंच, ताक त्यांवर सांडले की तकाकी जाते. ग्रॅनाइटला आंबटाचे भय नाही. स्टीलचा पत्रा टिकतो, पण त्यावर ओरखडे दिसतात. काच लावायची तर ती ताप सोसणारी, खास कडक केलेलीच हवी. सामान्य घराला झिलईची साधी टाइल सर्वांत सोयीची आणि परवडणारी. मात्र उठावाची नक्षी टाळा, कारण खाचांत चिकटा बसतो. मळ आधी धरतो तो टाइलवर नव्हे, दोन टाइलांमधल्या सांध्यात. म्हणून मोठी टाइल घ्यावी, म्हणजे सांधे कमी पडतात. ओट्यापासून निदान दोन फूट उंचीपर्यंत आणि शेगडीच्या मागे त्याहून वर टाइल न्यावी. रंग फिका असावा, म्हणजे मळ दिसतो आणि स्वयंपाकघरात उजेडही वाढतो.

घर मातीचे असेल तर आणखी एक सांगणे. मातीच्या भिंतीवर सिमेंट धड धरत नाही. भिंतीची ओल आत कोंडते आणि टाइल गिलाव्यासकट सुटते. अशा घरी चुन्याचा गिलावा आणि दर वर्षी चुन्याचा हात हेच शहाणपण. नाहीतर ओट्यामागे विटांची आखूड भिंत वेगळी उचलून तिच्यावर टाइल लावावी. टाइल नाही म्हणून कोणी कमीपणा मानू नये. धूर बाहेर जाणारी चुन्याची भिंत धूर कोंडणाऱ्या टाइलच्या भिंतीपेक्षा केव्हाही बरी.

शिक्षकबंधू-भगिनींना शेवटी एक विनंती आहे. इतिहासाच्या तासाला मुलांना एक काम द्या. आपल्या घरातली चुलीमागची किंवा ओट्यामागची भिंत पाहून यायची आणि आजीला विचारायचे, 'तुमच्या वेळी ही भिंत कशाची होती, किती दिवसांनी सारवत होता, धूर कुठून जात होता?' मुले वहीत लिहून आणतील तो गावाचाच इतिहास असेल. आणि एखादे मूल घरी जाऊन 'आईच्या डोक्यावर झरोका का नाही?' असे वडिलांना विचारील, तर तो तास सार्थकी लागला असे समजावे.