माहेर, हक्कसोड आणि एक गोधडी

कोलाडच्या आमच्या आजोळी माजघरातल्या लाकडी पेटीत एक गोधडी होती. होती म्हणायचे, कारण गेल्या वैशाखात मामींनी ती काढून आमच्या आईच्या हाती दिली. "वन्सं, ही तुमची. इथं राहिली तर उंदीर खातील," एवढेच त्या म्हणाल्या. घरापुढचे अंगण महामार्गाच्या रुंदीकरणात कधीच गेले आहे. आता जुने घर उतरवून स्लॅबचे बांधायचे घाटते आहे, आणि अशा वेळी पेट्या रिकाम्या होतातच. आईचे वय अठ्ठ्याहत्तर. तिने गोधडी मांडीवर घेतली, एक कोपरा उलटून पाहिला आणि कोणते लुगडे कोणाचे ते सांगू लागली. आम्ही वही काढली. तिने सांगितले ते आणि त्याभोवती आम्हांस जुळवता आले ते, असे या लेखाचे स्वरूप आहे.

गोधडी शिवण्याचे दिवस ठरलेले असत. भाताची कामे आटोपली, पाऊस अजून लांब आहे, अशा फाल्गुन-चैत्रात सारवलेल्या अंगणात जुने लुगडे पसरायचे, चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, त्यावर चिंध्यांचे थर लावायचे, वर दुसरे लुगडे घालायचे, आणि मग कडेने आत आत येणारा धावदोरा. दोघी-तिघी समोरासमोर बसत. एकीचा टाका आखूड, दुसरीचा लांब. आईला आजही बोटाने चाचपून आजीचा टाका कोणता आणि शेजारणीचा कोणता हे सांगता येते. आमच्या दृष्टीने ही सही आहे, कारण यांपैकी कोणाही बाईची दुसरी सही आम्हांस कुठे पाहायला मिळालेली नाही.

या गोधडीचा वरचा पदर आजीच्या इरकली लुगड्याचा, खालचा आजोबांच्या धोतराचा. मधल्या थरात मात्र बोटभर रुंदीचे असंख्य तुकडे आहेत. एरवी एवढा लहान तुकडा बायका गोधडीत घेत नाहीत, तो पोतेऱ्याला जातो. आईच्या सांगण्याप्रमाणे ते आजीच्या नव्या संसारातले, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले आहेत. १९४३ मध्ये सरकारला कापडावर नियंत्रण आणावे लागले, इतकी टंचाई त्या वर्षांत होती, आणि कापड मापून मिळू लागले तेव्हा चिंधीलाही किंमत आली. युद्धकाळाचा इतिहास आपण ज्या ग्रंथांतून वाचतो त्यांत कोलाड नाही. येथे तो बोटाखाली लागतो. पुढे सत्तरच्या दशकात आईने स्वतः नायलॉनच्या साड्यांची एक गोधडी करून पाहिली. थर एकमेकांवर घसरले, टाके सैल पडले, आणि धुऊन धुऊन सुती कापडाला जो मऊपणा येतो तो काही केल्या येईना. ती गोधडी कोणी जपली नाही.

कापड हा लेखनाचा आधार होऊ शकतो, ही गोष्ट मराठीच्या अभ्यासकांना नवी नाही. आंबेजोगाईच्या दासोपंतांनी 'पंचीकरण' लिहिले ते पासोडीवर, आणि त्या पासोडीला आपण वाङ्मयेतिहासात मानाचे स्थान दिले. तेथे कापडावर अक्षरे होती म्हणून आपल्याला वाचता आले. गोधडीवर अक्षर नाही, म्हणून आपण तिला 'मायेची ऊब' म्हणून मोकळे होतो. मायेला आमचा विरोध नाही. पण या शब्दाने वाचनच थांबते, अशी आमची तक्रार आहे.

या गोधडीच्या पोटात आणखी एक गोधडी आहे. ही जुनी रीत: झिजलेली गोधडी टाकायची नाही, नवीच्या आत घालायची. पोटातली गोधडी पणजीची, म्हणजे आजीच्या सासूची, असे घरात सांगत आले आहेत. पणजी घाटावरची. मुळशीच्या खोऱ्यातून ताम्हिणीच्या वाटेने लग्न होऊन ती खाली कोलाडला आली, तेव्हा तिचे वय बारा-तेराच्या पुढे नसावे. त्यानंतर काही वर्षांतच टाटांच्या धरणाचे काम सुरू झाले. १९२१ मध्ये त्याविरुद्ध सत्याग्रह झाला, पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते याच लढ्यात. लढा हरला, आणि सुमारे पन्नास गावांच्या जमिनी व घरे पाण्याखाली गेली. त्यांत पणजीचे माहेर होते. धरणग्रस्तांच्या हकिकतींत शेतकरी असतात, सावकार असतात, देवळेही असतात. ज्या मुली आधीच लग्न होऊन बाहेर पडल्या होत्या त्यांची गणना कोणी केली असेल असे वाटत नाही. त्यांची जमीन बुडाली नव्हती, कारण ती त्यांची नव्हतीच. बुडाली ती जायची जागा.

मुळशीचे पाणी डोंगरातून भिऱ्याच्या वीजगृहावर उतरते. १९२७ मध्ये ते वीजगृह सुरू झाले, आणि वीज करून सोडलेले पाणी कुंडलिकेत येते. म्हणूनच कोलाडला नदी ऐन मे महिन्यात वाहती असते. डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालवे निघाले, उन्हाळी भात आले, अलीकडे रबरी होड्यांतून मुंबईची मंडळी त्या पाण्यावर मौज करायला येतात. आजीच्या आठवणीप्रमाणे पणजी उन्हाळ्यात नदीवर धुण्याला जात नसे, विहिरीचे पाणी शेंदून धुणे करी. कारण तिने कधी सांगितले नाही, आणि आम्हीही ते तिच्या पदरी घालू इच्छीत नाही.

आता 'माहेर' या शब्दाकडे वळू. त्याची व्युत्पत्ती 'मातृगृह' अशी देतात. सासर म्हणजे श्वशुरगृह. नवऱ्याचे घर सासऱ्याच्या नावाने ओळखावे आणि जन्मघर मात्र आईच्या नावाने, ही गंमत विद्यार्थ्यांच्या नजरेतून सुटू नये. कारण ते घर आईच्या नावावर क्वचितच असे. चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून केलेला संप, १९४९ चा खोती रद्द करणारा कायदा, १९५७ मध्ये कुळांना मिळालेली मालकी: कुलाबा जिल्ह्यातल्या (१९८१ पासून रायगड) या मोठ्या उलथापालथींत सातबाऱ्यावरची नावे बदलली, ती बहुतेक ठिकाणी एका पुरुषाच्या जागी दुसऱ्या पुरुषाची.

साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये एकत्र केलेल्या ओव्या घ्या, किंवा गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी मुळशी-मावळापासून सुरुवात करून जमवलेल्या लाखभर जात्यावरच्या ओव्या घ्या. त्यांत माहेर पुन्हा पुन्हा येते. बहिणाबाई चौधरींचे माहेर आसोदे, सासर जळगाव, अंतर काही मैलांचे. तरी त्या वाटेचे केवढे अप्रूप! आपण शिकवताना या अप्रुपाला 'ओढ' म्हणतो आणि पुढे जातो. अंतर मैलांचे नव्हते, परवानगीचे होते. मूळ येणार, सासरचे 'जा' म्हणणार, आणि चार दिवसांनी परत फिरायचे. माहेरचे सुख हे पाहुणीचे सुख होते, आणि पाहुणी घरावर हक्क सांगत नाही. ज्या घरात आपण जन्मलो तेथे पाहुणे होऊन जाण्यात सुख वाटावे, याचे आश्चर्य पुरुष समीक्षकांना फारसे वाटलेले दिसत नाही.

हक्क कायद्याने दिला तेव्हा काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. १९५६ च्या वारसा कायद्याने मुलीला बापाच्या मिळकतीत वाटा दिला. १९९४ मध्ये महाराष्ट्राने मुलीला मुलाप्रमाणे जन्मतः हिस्सेदार मानले, पण तोवर लग्न झालेल्यांना वगळून. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ही लग्नाची अट गेली, आणि त्या दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. याच काळात महामार्ग, कारखाने आणि शेतघरे यांनी कोलाड-रोह्याकडच्या जमिनीला भाव आणला. आणि याच काळात घरोघरच्या बहिणी एस.टी.ने येऊन हक्कसोडपत्रावर सह्या करून गेल्या. आमच्या आईनेही केली, आजोबा गेल्याच्या पुढच्या वर्षी. त्या दिवशी मामांनी तिला साडी घेतली होती. रोह्याशी नाते सांगणाऱ्या चिंतामणराव देशमुखांची सही एके काळी देशाच्या नोटांवर असे; त्याच तालुक्यातल्या कितीजणींची पहिली सही, किंवा अंगठा, या एका कागदावर उमटला असेल!

हे सारे आम्ही आईला वाचून दाखवले. तिला ते आवडले नाही. "तुम्हां लिहिणाऱ्यांना सगळीकडे हिशेबच दिसतो," ती म्हणाली. "सही मी माझ्या मनानं केली. वाटा घेतला असता तर दोन गुंठे मिळाले असते आणि वहिनींच्या हातचा चहा गेला असता." आम्ही म्हटले, हाही हिशेबच झाला की. त्यावर ती काही बोलली नाही. तिची निवड चुकली असे म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाही, कारण त्या चहाच्या आणि त्या घरातल्या मे महिन्यांच्या जिवावर आमचे बालपण झाले. पण मामांना मात्र चहा आणि गुंठे यांतून एक निवडावे लागले नव्हते, एवढी नोंद आम्ही येथे ठेवतो.

मामींचे माहेर नागोठण्याकडचे. त्यांनीही सही केलेली आहे, हे आम्हांस त्याच दिवशी कळले.

निघण्याच्या आदल्या दिवशी आईने गोधडी धुवायला काढली. पेटीतल्या वासाने नेता येण्यासारखी नव्हती. मामी आणि ती अशा दोघी कुंडलिकेवर गेल्या, आम्ही बादल्या घेऊन मागे. भिजलेली गोधडी एकटीला उचलत नाही. दोघींनी दोन टोके धरून पिळली आणि खडकावर पसरली. संध्याकाळी वरचे इरकली कोरडे झाले होते. हात दाबला की आतून मात्र पाणी येत होते. पोट सुकायला आणखी दोन दिवस लागले, आणि तेवढे दिवस आईचा मुक्काम वाढला.