एक काडतूस, दोन शस्त्रे : '.४४-४०'ची गोष्ट

१/ १८७३ साली अमेरिकेतील विंचेस्टर कंपनीने नवी रायफल आणली आणि तिच्यासोबत एक नवे काडतूस. पुढे ते '.४४-४०' या नावाने रूढ झाले. यातील ४४ हा इंचाच्या शतांशांत मोजलेला गोळीचा ढोबळ व्यास. ४० हे आतील काळ्या दारूचे ग्रेनमधील वजन, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम.

२/ आधीच्या हेन्री रायफलच्या काडतुसात पेट घेणारे रसायन बुडाच्या कडेत भरलेले असे. एकदा बार उडाला की पुंगळी वाया जाई. नव्या काडतुसाच्या बुडाच्या मध्यभागी बदलता येणारा प्रायमर होता. दारू, शिसे आणि प्रायमर जवळ असले की तीच पुंगळी पुन्हा भरता येई. दुकानापासून कित्येक दिवसांच्या अंतरावर राहणाऱ्याला याचे मोल मोठे होते.

३/ १८७०च्या दशकाच्या अखेरीस कोल्ट कंपनीने याच काडतुसासाठी 'फ्रंटियर सिक्स-शूटर' हे रिव्हॉल्व्हर काढले. आता कमरेच्या एकाच पट्ट्यातील काडतुसे रायफललाही चालत आणि रिव्हॉल्व्हरलाही.

४/ लष्कराचे धोरण वेगळे होते. सैनिकांकडे एकबारी स्प्रिंगफील्ड कार्बाइन आणि .४५ कोल्ट रिव्हॉल्व्हर असे. एकाचे काडतूस दुसऱ्यात चालत नसे. २५ जून १८७६ रोजी लिटल बिगहॉर्न येथे हीच शस्त्रे घेऊन कस्टरची तुकडी लाकोटा आणि शायेन योद्ध्यांसमोर उभी ठाकली. त्या तुकडीतील सुमारे २१० जण मारले गेले.

५/ १९८३ साली वणव्याने त्या रणभूमीवरील गवत जळाले. पुढच्याच वर्षी पुरातत्त्वज्ञांनी तेथे उत्खनन आरंभले. पुंगळ्यांवरील घोड्याच्या खुणा तपासून त्यांनी एकेक बंदूक वेगळी ओळखली. योद्ध्यांच्या बाजूला हेन्री आणि विंचेस्टर बंदुका होत्या; सापडलेल्या पुंगळ्यांत '.४४-४०'ही होत्या.

६/ विंचेस्टरने पुढे आपल्या रायफलची जाहिरात 'पश्चिम जिंकणारी बंदूक' अशी केली. परंतु त्या दिवशी हे काडतूस पश्चिम राखू पाहणाऱ्यांच्या हाती होते. त्यांनी लढाई जिंकली. तरीही १८७७ साली ब्लॅक हिल्सचा प्रदेश त्यांच्याकडून हिरावला गेला. काडतूस कोणाच्याही बंदुकीत चालत होते. कारखाने, रेल्वे आणि कायदे करणारी संसद मात्र एकाच पक्षाकडे होती.