सारथ्याची शाळा

गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी नावाची तालुक्याची दोन गावे आहेत. एक अर्जुनी मोरगाव आणि दुसरे सडक अर्जुनी. दुसऱ्या गावाच्या नावातच सडक आहे, आणि ती उगाच आलेली नाही. नागपूरहून भंडारा, साकोली, देवरी करीत रायपूरकडे जाणाऱ्या रस्त्यास इंग्रजी अमदानीत ‘ग्रेट ईस्टर्न रोड’ म्हणत. पुढे तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ झाला आणि २०१० च्या फेररचनेनंतर त्यास ५३ हा क्रमांक मिळाला. गावाची ओळख सांगताना लोकांना देवळाची वा नदीची नव्हे, तर सडकेची खूण पुरेशी वाटली, यावरून त्या काळी पक्क्या रस्त्याचे अप्रूप केवढे असेल याची कल्पना यावी.

रस्त्यांचा इतिहास लिहिला गेला आहे. बंगाल-नागपूर रेल्वेचा आणि गोंदियाहून जबलपूरकडे व चांद्याकडे निघालेल्या अरुंद रुळांच्या गाड्यांचाही लिहिला गेला आहे. परंतु त्या रस्त्यावर गाडी हाकणारा मनुष्य ती हाकायला कोठे शिकला, कोणी शिकवले, शिकताना त्याच्या आणि इतरांच्या जिवाची काळजी कोणी वाहिली, हा इतिहास कोणी फारसा मांडत नाही. प्रस्तुत लेखात त्याचाच थोडा मागोवा घ्यावयाचा आहे.

धानाच्या ह्या मुलखात मोटार येण्यापूर्वी बंडी होती. बंडी हाकायला परवाना लागत नसे, कारण हाकणाऱ्यापेक्षा बैल अधिक शहाणे असत. धुरकऱ्याला डुलकी लागली तरी बैल वाट ओळखून घरी येत. समोर मूल आले तर बैल आपण होऊन थांबे. मोटार आली तेव्हा हा शहाणपणाचा वाटा गाडीतून नाहीसा झाला. जी काही समज असेल ती आता एकट्या माणसाच्या ठायी असणे भाग होते. वाहन शिकण्याचा प्रश्न खरे तर येथून सुरू होतो.

युरोपात हे ध्यानी यायलाही वेळ लागला. पॅरिस शहराने १८९३ साली वाहनचालकांसाठी परीक्षा सुरू केली. इंग्लंडने मात्र १९०३ साली परवाना आणला तो नुसता पैसे भरून मिळणारा. परीक्षा सक्तीची झाली १९३५ च्या जून महिन्यात. म्हणजे सुमारे बत्तीस वर्षे इंग्लंडमध्ये कोणीही उठावे, शुल्क भरावे आणि चाक हाती घ्यावे अशी स्थिती होती. आपल्याकडे प्रांतोप्रांतीच्या नियमांच्या जागी १९१४ साली संपूर्ण हिंदुस्थानास लागू होणारा मोटार कायदा झाला, आणि १९३९ च्या कायद्याने चालकाची लायकी तपासण्याची रीत पक्की केली. गोंदिया तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाडात होते. १९५६ साली ते द्वैभाषिक मुंबई राज्यात आले, १९६० साली महाराष्ट्रात. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत जिल्ह्याचे ठिकाण भंडारा होते.

एस.टी.चीही येथली कथा वेगळी आहे. पुणे-अहमदनगर मार्गावर १ जून १९४८ रोजी धावलेली पहिली गाडी सर्वांना ठाऊक असते. परंतु विदर्भात त्या काळी नागपूरची ‘प्रोव्हिन्शियल ट्रान्सपोर्ट सर्व्हिस’ होती. तिचा सांधा नंतर जुळला आणि १९६१ साली महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ आजच्या नावाने उभे राहिले. सरकारी गाडीवर चालक घेताना निवड आणि चाचणी असे. खाजगी मालमोटारींवर मात्र निराळीच शाळा भरत असे.

ती शाळा म्हणजे उस्ताद आणि क्लीनर यांची. गोंदियाच्या भात गिरण्यांतून तांदूळ बाहेर जाई, उन्हाळ्यात जंगलातून तेंदूपाने येत, विडीचा माल रवाना होई. ट्रकवर चालकाच्या हाताखाली एक पोरगा असे. तो काच पुसी, चाकाखाली दगड लावी, चहा आणी, शिव्या खाई. दोन-तीन वर्षांनी एखाद्या रात्री, रस्ता मोकळा आणि उस्तादाचे डोळे जड झालेले असताना, त्याच्या हाती चाक येई. ह्या पद्धतीची टिंगल करणे सोपे आहे. पण तिच्यात एक मोठे सामर्थ्य होते हे मान्य केले पाहिजे. चाक हाती येण्यापूर्वी त्या पोराने हजारो मैल रस्ता पाहिलेला असे. गाडीचा आवाज बदलला की काय बिघडले हे त्याला कळे. पावसात लाल मातीचा कडा कसा खचतो हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असे. दोष असा की उस्तादाची खोडही विद्येबरोबर शिष्याकडे जाई. उस्ताद पिऊन चालवणारा असेल तर शिष्यही ते कौशल्यच समजे. आणि पहिला धडा रात्री, भरल्या गाडीवर, परवान्याविना होत असे, ही गोष्ट कोणत्याही कौतुकाने झाकता येत नाही.

मध्यंतरी व्यावसायिक चालकास आठवी उत्तीर्ण असण्याची अट होती. २०१९ साली ती काढण्यात आली. अट काढली ते बरे झाले असे प्रस्तुत लेखकास वाटते. पाट्या वाचता येणे आवश्यक आहे, पण त्यासाठी शाळेचा दाखला हा एकच मार्ग नव्हे. शिक्षण कमी असलेल्याला शिकवण्याची जबाबदारी मात्र त्यामुळे वाढते, कमी होत नाही.

ख्रिस्ती मिशनकार्याचा ह्या विषयाशी संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे. आपला भाग ज्या नागपूर धर्मप्रांतात येतो तो १८८७ साली स्थापन झाला. त्या पिढीच्या मिशनरींचा प्रवास बैलगाडीने, घोड्यावरून आणि पायी होई. मोटारीचे महत्त्व पवित्र सभेला किती तीव्रतेने जाणवले याचे उदाहरण जर्मनीतले आहे. फादर पॉल शुल्टे यांचे धर्मगुरू मित्र आफ्रिकेत आजारी पडले आणि वाहनाअभावी वेळेवर उपचार न मिळाल्याने मरण पावले. त्या दुःखातून फादर शुल्टे यांनी १९२७ साली मिशनांना वाहने पुरवणारी ‘मिवा’ ही संस्था काढली. तिच्या ऑस्ट्रियातील शाखेने पुढे एक सुंदर प्रथा पाडली. जुलै महिन्यात, संत ख्रिस्तोफर यांच्या सणाच्या सुमारास, अपघात न होता कापलेल्या प्रत्येक किलोमीटरमागे चालकाने एक अगदी लहानसे नाणे मिशनच्या वाहनांसाठी द्यावयाचे. सुखरूप घरी येण्याची कृतज्ञता इतक्या हिशेबाने मोजलेली दुसरीकडे क्वचितच आढळेल.

संत ख्रिस्तोफर यांचा विषय निघालाच आहे, तर एक गैरसमज दूर केलेला बरा. १९६९ साली त्यांना संतपदावरून काढले असे पुष्कळजण सांगतात. ते खरे नव्हे. त्यांचा २५ जुलैचा सण सार्वत्रिक पंचांगातून वगळला गेला व स्थानिक पंचांगांवर सोपवला गेला, एवढेच घडले. तेव्हा गाडीत त्यांचे पदक लावणाऱ्यांनी संकोचू नये. मात्र पदक लावून हेल्मेट घरी ठेवणाऱ्यांविषयी संतांचे मत काय असेल, हा प्रश्न उरतोच.

नवी गाडी घेतली की आपण ती फादरांकडे आशीर्वादासाठी नेतो. जुन्या रोमन विधिग्रंथातील वाहनाच्या आशीर्वादाच्या प्रार्थनेत एका प्रसंगाचे स्मरण आहे, तो आपल्या विषयाला फार चपखल आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायातील इथिओपियाचा अधिकारी रथात बसून यशयाचा ग्रंथ वाचत असतो. फिलिप धावत रथाजवळ जातो आणि वाचता ते समजते काय, असे विचारतो. कोणी वाट दाखवल्यावाचून कसे समजणार, असे तो अधिकारी प्रांजळपणे म्हणतो आणि फिलिपला वर घेऊन शेजारी बसवतो. वाहनासाठी पवित्र सभेने बायबलमधून निवडलेला हा प्रसंग वेगाचा नाही. शेजारी जाणकार बसवून घेण्याचा आहे.

कायद्याची कल्पनाही नेमकी तीच आहे. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याखालील नियमांनुसार शिकाऊ परवाना सहा महिन्यांचा असतो. पक्क्या परवान्याची परीक्षा तीस दिवसांच्या आत देता येत नाही. गाडीस पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर तांबडे ‘एल’ अक्षर असावे लागते. आणि परवानाधारक शिकवणारा गाडी थांबवता येईल अशा जागी शेजारी बसलेला असावा लागतो. मोटार ट्रेनिंग स्कूलच्या गाडीस दुहेरी ब्रेक-क्लच हवेत. हलक्या गाडीसाठी किमान एकवीस दिवस व दहा तास प्रत्यक्ष चालवणे, जड वाहनासाठी तीस दिवस व पंधरा तास, आणि त्या तासांची नोंदवही, असे सारे नियमात लिहिलेले आहे.

लिहिलेले आहे. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी दहा तासांचे चार होतात, नोंदवहीत दहाच राहतात, आणि सही मात्र शिकणारा स्वतःच करतो. दलालामार्फत परवाना मिळाला की घरात पेढे वाटले जातात. परीक्षेवाचून मुलाला डॉक्टरकीची पदवी मिळाली तर आपण लाजू. परीक्षेवाचून परवाना मिळाला तर त्याला ‘ओळख’ म्हणतो. हा फरक कोठून आला हे कळत नाही.

गोंदियाकरांनी तरी हे मनावर घ्यावे, कारण शिकवणे कसे असते याचा नमुना त्यांच्या डोक्यावरून उडत असतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी बांधलेल्या बिरसीच्या धावपट्टीवर २००८ च्या सुमारास वैमानिकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. तेथील विमानांतही शिकवणारा शेजारी असतो आणि त्याच्यापुढेही दुसरे नियंत्रण असते. परंतु व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी दोनशे तास उड्डाण करावे लागते. आकाशात समोरून म्हैस येत नाही, तरी दोनशे तास. आणि आमगाव-गोरेगावच्या बाजारातून भरला ट्रक नेण्यासाठी पंधरा!

येथील रस्ता सोपाही नाही. नवेगाव-नागझिऱ्याचे जंगल रस्त्याच्या दोन्ही अंगांना आहे; रात्री चितळ, रानडुक्कर, कधी बिबट्या दिव्याच्या झोतात येतो आणि स्तब्ध उभा राहतो. धानाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या मागचा दिवा नसताना चालतात. २९ नोव्हेंबर २०२४ रोजी सडक अर्जुनी तालुक्यात, गोंदिया-कोहमारा मार्गावर बिंद्रावनटोला गावाजवळ शिवशाही बस उलटली आणि दहाहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. वळणावर समोर आलेल्या दुचाकीला वाचवताना गाडीचा ताबा सुटला, असे त्यावेळी वृत्तपत्रांत आले होते. २०२२ ह्या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली १५,२२४ महाराष्ट्रातली.

हा केवळ पोलिसांचा विषय आहे अशी समजूत आपल्या लोकांत आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ सालीच ‘आजच्या जगातील ख्रिस्तसभा’ ह्या घटनापत्राच्या तिसाव्या परिच्छेदात वेगमर्यादेच्या नियमांकडे दुर्लक्ष करणाऱ्यांचा उल्लेख केला आणि त्यांना स्वतःच्या व दुसऱ्याच्या जिवाची पर्वा नाही असे बजावले. १९९२ च्या धर्मशिकवणीत नशेने किंवा वेगाच्या हौसेने इतरांचा जीव धोक्यात घालणे हा गंभीर दोष म्हटला आहे. जून २००७ मध्ये व्हॅटिकनने रस्त्याच्या प्रेषितकार्याविषयी मार्गदर्शिका काढली. तीत चालकांसाठी दहा आज्ञा होत्या, आणि पहिली आज्ञा सिनाय पर्वतावरचीच होती: खून करू नको. पापनिवेदनास जाताना किती जण ह्या बाबीचे आत्मपरीक्षण करतात?

आईबापांचा भाग सर्वांत अवघड. अठरा वर्षांखालील मुलास गियरची गाडी चालवता येत नाही. सोळाव्या वर्षी मिळतो तो परवाना पन्नास सी.सी.पर्यंतच्या बिनगियरच्या गाडीचा. तरीही शिकवणीला उशीर होतो म्हणून दहावीतल्या मुलाच्या हाती बापाची मोटारसायकल येते. २०१९ च्या दुरुस्तीने अशा गुन्ह्यात पालकास वा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड ठेवला. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलास पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. मुलींना मात्र उलट बाजूने अडवले जाते. तिला काय करायचे शिकून, असे म्हणतात. २०१९ साली एस.टी. महामंडळाने महिला चालकांचे प्रशिक्षण सुरू केले, त्यात आदिवासी भागातल्या मुलीही होत्या. त्यांनी जड वाहनाचे चाक हाती घेतले, आणि आपल्या घरातली पदवीधर मुलगी स्कूटरसाठीही भावाची वाट पाहते.

शिकवायला कोण बसावे याविषयी एक व्यवहारातली गोष्ट. बापाने मुलास शिकवू नये असे जुने चालक सांगतात, कारण बाप तिसऱ्या दिवशी ओरडतो आणि ओरडा ऐकला की शिकणाऱ्याचा पाय ब्रेकऐवजी भलतीकडे पडतो. पहिले आठ दिवस पहाटे, मोकळ्या मैदानावर, पाय आणि आरसे यांचीच ओळख करून घ्यावी. बाजाराच्या दिवशी रस्त्यावर जाऊ नये. पावसाळ्यातला आणि रात्रीचा एक-एक धडा शिकवणाऱ्याकडून हक्काने मागून घ्यावा. दहा तासांचे पैसे दिलेले असतात. नोंदवहीवर सही करण्यापूर्वी ते तास बोटांवर मोजून घ्यावेत.