जकात न लागलेला माल

शिरूर कासारच्या बाजारातून सिंदफणेच्या पात्राकडे उतरा. मागे प्लॅस्टिकच्या टोपल्यांची चळत आहे, कुणीतरी मोबाइलवर मुकादमाशी उचलीवरून हुज्जत घालतंय. चार पावलं टाका. पाचव्याला तो आवाज विझतो.

साल १९३५, फाल्गुन. खिशातला रुपया हाली सिक्क्याचा झालाय, कारण गाव निजामाचं आहे. नदीकाठी पालं पडलीत, गाढवं चरतायत. एक म्हातारी बुडाच्या काठ्या पायाखाली दाबून तुरकाठ्यांची कणगी विणतेय.

“घ्या की दादा, साल दोन साल हलायची न्हाई,” ती तुम्हाला म्हणते. मग नातवाकडे वळते आणि जे बोलते, त्यातलं तुम्हाला अक्षर कळत नाही.

ही कैकाडी. मराठी मुलखाच्या ऐन मध्यावर बोलली जाणारी द्राविड भाषा, तमिळच्या नात्यातली. परकी वाटते? तुम्ही बहिणीला अक्का आणि भावाला अण्णा म्हणता, तेही याच दक्षिणी घराण्यातलं देणं.

होळी जवळ आलीय. पालं मोडतात, बिऱ्हाड गाढवांवर चढतं आणि तुम्ही त्यांच्याबरोबर पाथर्डीच्या वाटेनं मढीला निघता. हद्दीवर करोडगिरीचा, म्हणजे निजामाच्या जकातीचा, नाका लागतो. शिपाई उर्दूत दरडावतो. म्हातारीचा मुलगा दखनीत उत्तर देतो, गाठोडी सोडतो. टोपल्या, तवा, कोंबड्यांचं खुराडं, सगळं मातीत मांडलं जातं. शिपाई काठीनं उचकून बघतो. भाषा मात्र तशीच पलीकडे जाते. तिच्यावर जकात नाही.

पलीकडे नगर जिल्हा, इंग्रजांचं राज्य. इथे त्याच भाषेची किंमत वेगळी. १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा १९११च्या सुधारणेनंतर मुंबई इलाख्यातही आलाय. त्याच्या यादीत कैकाड्यांची नावं आहेत. सोलापुरात काही कुटुंबं तारेच्या कुंपणाआड, सेटलमेंटमध्ये आहेत. बाहेर असलेल्यांच्या मागे हजेरी. पोलीस पाटलाच्या ओट्यासमोर पोरगा आजीला काही विचारू लागतो, तशी ती त्याचा दंड दाबते. न कळणारं बोलणं म्हणजे चोरीचा बेत, एवढंच ओट्यावर बसलेल्यांना ठाऊक. पोरगा गप्प होतो. त्याला धडा मिळालाय.

दुसऱ्या दिवशी मढीचा डोंगर दिसतो. वर कानिफनाथांची समाधी, खाली गाढवांचा बाजार. होळी पेटवायचा मान गोपाळांचा. वैदू, वडार, कैकाडी, भिल्ल, सगळे आलेत. भटक्यांची पंढरीच ही. रेवड्या वाटल्या जातात, गाढवाचं तोंड उघडून दात मोजले जातात, सोयरिकी जुळतात. दोन दिवस दबलेला म्हातारीचा आवाज आता मोकळा सुटतो. ती हसते, भांडते, व्याह्याला टोमणा मारते, आणि या सगळ्यात मराठीचा एकच शब्द तुमच्या कानी पडतो: “होळी.”

तिला ठाऊक नाही की ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणात, १९०६च्या चौथ्या खंडात, तिच्या बोलीची तमिळखाली नोंद झालीय. तीन वर्षांनी त्याच सर्वेक्षणाच्या तिसऱ्या खंडात हिमालयातली लेपचा भाषा आली. तिचं नशीब मात्र वेगळं. लेपचांपाशी अठराव्या शतकापासून स्वतःची लिपी. पुढे, १९७७ साली, सिक्कीमनं तिला राजभाषांत घेतलं, शाळेत बसवलं. २०११च्या जनगणनेत ती मातृभाषा सांगणारे पन्नास हजारांच्याही आत होते, तरी पोरांच्या हाती पाठ्यपुस्तक होतं. कैकाडीला लिपी नाही, राज्य नाही. तिच्याकडे होळीचा हा डोंगर होता.

होळीचा धूर डोळ्यांत जातो. डोळे चोळता चोळता वर्षं सरतात. ३१ ऑगस्ट १९५२ला तो गुन्हेगार जमाती कायदा रद्द होतो. १९८०मध्ये लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ हे आत्मकथन येतं, पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळतो. कैकाडी माणसाचं जिणं घरोघरी पोचतं, ते मराठीतून.

तुम्ही पुन्हा सिंदफणेकाठी. बाजाराच्या कडेला एक बाई फोनवर लेकीशी बोलतेय, भरभर, खळखळून. तो सूर ओळखीचा वाटतो. ऐकायला म्हणून तुम्ही दोन पावलं पुढे सरकता. ती तुम्हाला बघते, वाक्य मध्येच तोडते आणि मराठीत विचारते, “काय पायजे, दादा?”

करोडगिरी कधीच उठली. नाक्यावर आता तुम्ही उभे आहात.